माझी पट्टी काळी तीन

आमच्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. वडील एकतीस वर्षं यंत्रमागावर होते, सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडच्या एका गल्लीत. खाली शेडमध्ये आठ माग आणि वर आमच्या दोन खोल्या. माग चालू असले की फळीवरची भांडी थरथरायची. आमटीत मीठ पडलंय का एवढं विचारायलासुद्धा आई बेंबीच्या देठापासून ओरडायची. गल्लीत निम्म्या घरांत तेलुगू, दोन-तीन घरांत कन्नड, बाकी आम्ही. ओरडणं मात्र सगळ्यांचं सारखंच. पहिलीत हजेरीला मी नुसतं "हजर" म्हणाले, तर बाईंनी मान वर करून विचारलं होतं, "भांडायलीस का गं?"

त्या आवाजाचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅच बघते. ट्रक लागला की गाठी मोजायच्या, हमालांना हाका मारायच्या, ड्रायव्हरला गेटपास द्यायला बोलवायचं. आवारात या टोकाहून त्या टोकाला माझी हाक जायची. पोरं म्हणायची, मॅडमच्या गळ्यात जुन्या गिरणीचा भोंगा बसवलाय. मला ते कौतुकच वाटायचं.

गेल्या वर्षी मार्चअखेरच्या गडबडीत तो भोंगा बसला. आधी संध्याकाळी घोगरा व्हायचा, मग दुपारपासून, आणि एप्रिलमध्ये सकाळी उठतानाच फाटलेला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. फोनवर पार्टी म्हणायची, "साहेब, जरा मॅडमना द्या ना." चार वेळा "मीच मॅडम" म्हटल्यावर पाचव्यांदा मी गपचूप साहेब झाले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. मी पहिल्यांदाच माझे स्वरतंतू बघत होते. पांढऱ्या दोन पट्ट्या, दरवाज्याच्या फळ्यांसारख्या. "ई म्हणा" म्हटल्यावर त्या जवळ आल्या, पण मधे कडेला किंचित सुजलेल्या, त्यामुळे पुढंमागं फट राहत होती. त्या फटीतून हवा निसटते, म्हणून घोगरेपणा. गाठी अजून झालेल्या नाहीत, पण होण्याच्या बेतात आहेत, असं त्यांनी सांगितलं. आठवडाभर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजताना गळ्यावर ताण येतोच. पाणी भरपूर. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास, कारण पोटातलं आम्ल वर घशाशी येतं. आणि रात्री तिखट बंद. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी बंद करायला सांगणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असावं. ते हसले आणि म्हणाले, "सकाळी खा की." मग निघताना, सहज सांगावं तसं, "आणि बोलायला शिका."

चव्वेचाळिसाव्या वर्षी हे ऐकून राग आला. पण पाठवलं तिथं गेले. तिथल्या वाचा-उपचारांच्या मुलीनं ग्लासात अर्धं पाणी घेतलं, त्यात स्ट्रॉ बुडवली आणि तोंडात धरून "ऊ" म्हणायला सांगितलं. बुडबुडे एकसारखे यायला हवेत, पाणी उडता कामा नये. माझं पहिल्याच "ऊ"ला टेबल भिजलं. ती म्हणाली, "तुम्ही खूप हवा ढकलताय. कुणी चांगलं गाणं शिकवणारं मिळालं तर शिका, हेच सगळं तिथं होईल."

गाणं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. हळदीकुंकवाला "म्हण गं एखादं" म्हटलं की मी उठून वाण वाटायला लागायचे. पण जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या त्याच आठवड्यात, साखर पेठेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर गाण्याच्या क्लासात जाऊन बसले. बाई सत्तरीच्या आसपास. समोर नऊ ते चौदा वयाची सात-आठ पोरं आणि कोपऱ्यात मांडी घालून मी. तानपुऱ्याचा इलेक्ट्रॉनिक डबा चालू. खरा तानपुरा, मिरजेचा, भिंतीला गवसणीत उभा. तो फक्त गुरुपौर्णिमेला बाहेर येतो, हे नंतर कळलं. आणि खिडकीखालच्या बोळात, माझं नशीब, चार माग. खटॅक-खट, खटॅक-खट.

बाई म्हणाल्या, "सा लाव."

मी लावला. मागांच्या वर जाईल असा लावला. दोन पोरं दचकली, एक फिस्सकन हसलं. बाईंनी पेटीवरचा हात उचलला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अगं, मी इथंच आहे. तुझ्यापासून चार फुटांवर."

दुसऱ्यांदा हळू लावायला गेले तर आवाजच आला नाही. नुसती हवा. तिसऱ्यांदा आला तो थरथरत, म्हातारीसारखा. माझ्याकडे दोनच आवाज होते हे तिथं कळलं: एक आवारभर जाणारा आणि एक नसलेला. मधलं काही नव्हतंच. आणि दुसरी गोष्ट कळली ती जास्त लागली. हमालांपुढे, मालकांपुढे, आरटीओवाल्यापुढे मी कधी चाचरले नव्हते. त्या नऊ वर्षांच्या पोरीशेजारी हळू आवाजात एक सा लावताना माझी कानशिलं तापली, तळव्यांना घाम फुटला. लोक मला धीट म्हणत. मी धीट नव्हते, मोठ्यानं बोलत होते.

पहिले पंधरा दिवस पट्टी शोधण्यातच गेले, म्हणजे माझा सा पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर धरायचा ते. बायकांची म्हणून बाईंनी आधी काळी पाच धरली. वरच्या पंचमाला माझा गळा आवळला. मग काळी चार. शेवटी काळी तीन. तिथं सा लागला आणि बाईंनी मान हलवली. मला वाईट वाटलं. म्हणजे आपला आवाज पुरुषीच. बाईंनी माझं तोंड वाचलं असावं. त्यांनी गंगूबाई हनगलांचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. हुबळीच्या बाई, किराणा घराण्याच्या, सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला रेल्वेनं जात. तरुणपणी घशाच्या दुखण्यात आवाज खाली उतरला आणि त्याच आवाजात पुढं आयुष्यभर गायल्या. पहिला षड्ज ऐकून पोरांपैकी एकानं विचारलं, "हे काका कोण?" बाई म्हणाल्या, "काकू आहेत. गप ऐक." आम्ही पंधरा मिनिटं गप ऐकलं.

काळी तीनचा सा म्हणजे सेकंदाला 185 कंपनं, हे मला फोनमधल्या ट्यूनरनं सांगितलं. ते अॅप मी उत्साहानं घेतलं आणि बाईंनी महिन्याभरात काढायला लावलं. मी आकड्याकडं बघून सूर लावत होते, तानपुरा ऐकून नाही. 185 आला की खूश. "डोळ्यांनी गातेस," असं त्या म्हणाल्या.

मग श्वास. मी श्वास घेतला की खांदे वर जातात, हे मला माहीतच नव्हतं. बाईंनी घरी करायला सांगितलं ते असं: फरशीवर उताणं झोपायचं, पोटावर चादरीची घडी ठेवायची आणि श्वास घेताना घडी वर जाते का बघायचं. आमच्याकडं सोलापुरी चादरींना तोटा नाही. एक घडी अशी हलकी की काही कळेना, मग दोन ठेवल्या. पहिल्या दिवशी चादरी जागच्या जागी आणि छाती भात्यासारखी वर-खाली. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "मम्मी, झोपलीयस का मेलीयस?" झोपून आठवड्यात जमलं. तेच बसून करायला दीड महिना लागला, कारण बसलं की पाठ वाकते, फासळ्या मिटतात आणि श्वासपटलाला खाली सरकायला जागा राहत नाही. दातांतून "स्स्स" करत एका श्वासात किती वेळ टिकतं हे मोजायचं. सुरुवातीला नऊ सेकंद. दिवाळीपर्यंत बावीस. इतकी वर्षं मी भरपूर हवा घेत होते, पण पहिल्या दोन सेकंदांतच ती सगळी फेकून देत होते. दमसास वाढवायचा म्हणजे जास्त भरायचं असं मला वाटायचं. बाईंचं सगळं लक्ष मात्र मी किती जपून सोडते याच्याकडं.

खरी गोची आकारात, म्हणजे नुसता "आ" लावून गाण्यात होती. माझा प्रत्येक "आ" दार आपटल्यासारखा सुरू व्हायचा. गळ्यातल्या त्या दोन पट्ट्या आधी घट्ट मिटायच्या आणि मग हवेच्या धक्क्यानं फाटकन उघडायच्या. दिवसातून हजार वेळा तेच, म्हणून कडा सुजलेल्या. डॉक्टरांनी चित्र दाखवलं होतं, पण पटलं ते इथं. बाईंचा उपाय साधा होता. "हा" म्हण. आता "ह" अर्धा कर. आता "ह" फक्त मनात म्हण. त्या मनातल्या "ह"वर मी जवळजवळ तीन महिने घालवले. मंगळवार-शुक्रवार क्लास, बाकीचे दिवस घरी, सकाळी पाच वाजता मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकात जाऊन एकेक स्वर लांबवायचा. पोरं पुढं पलट्यांवर गेली, दुर्गा राग शिकायला लागली, आणि मी सा रे सा. एका शुक्रवारी मी विचारलं, "बाई, गाणं कधी?" त्या म्हणाल्या, "हे काय चाललंय मग?" चिडून मी पुढचा मंगळवार बुडवला.

घरचा रियाज पाण्याच्या दिवशी व्हायचा नाही. तेव्हा आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, वेळ त्याच्या मर्जीची. आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू. अशा एका पहाटे घागरी भरता भरता मला जाणवलं की मोटारसुद्धा एका सुरात घुमते. मी बाईंना सांगितलं. त्यांच्याकडं शिकलेला एक इलेक्ट्रिशियन मुलगा तिथं होता, तो म्हणाला, विजेचे हेलकावे सेकंदाला 50, म्हणून मोटार त्याच्या दुपटीनं, 100 नं घुमते. पेटीवर धरून पाहिलं तर पांढरी पाचच्या किंचित वर. काळी तीनशी त्याचं काही जुळत नाही. पण तेव्हापासून पाण्याच्या दिवशीची चिडचिड कमी झाली. कान उघडले म्हणतात ते हेच असावं, नाहीतर एवढी वर्षं मी मोटारीला फक्त शिव्याच दिल्या होत्या.

गणपतीनंतर एकदा बाईंनी माझा आवाज फोनवर मुद्रित करून मलाच ऐकवला. हा धक्का सगळ्यांनाच बसतो म्हणे. आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्हीकडून ऐकू येतो, हाडांतून खालचे सूर जास्त पोचतात, म्हणून आपल्याला आपण भरदार वाटतो. मुद्रणात ते हाड नसतं. मला मात्र उलटा धक्का बसला. मी मनात धरून बसले होते की माझा आवाज फाटका, राकट. फोनमधली बाई बऱ्यापैकी गोल आवाजात सा लावत होती. रिषभ कणसूर होता, तो सोडा.

ऑक्टोबरात भूप राग आला. मध्यम आणि निषाद नाहीत, पाचच स्वर, त्यामुळे लपायला जागा नाही. धैवतावरून वरच्या सा वर जाताना माझा आवाज दर वेळी तुटायचा. मी हनुवटी वर करायचे, भुवया वर करायचे, गाठ ट्रकमध्ये फेकताना हमाल करतो तसं सगळं अंग लावायचे. बाईंनी माझ्या हनुवटीखाली दोन बोटं धरली. "तो वर नाहीये गं. वर बघू नकोस. तुझ्याच गळ्यातला पडदा जरा जास्त ताणला जातो, पातळ होतो, एवढंच." 185 चे 370 व्हायला ताकद लागत नाही, उलट वजन सोडावं लागतं. जाताना आवाज बारीक झाला तरी चालेल, तुटला नाही म्हणजे झालं. बारीक आवाजाची मला लाज वाटायची. ती सोडायला जितका वेळ लागला तितका तो सा लागायला लागला नाही.

आणि मग जानेवारीत मी सगळं घालवलं. गड्डा यात्रा, आमच्या सिद्धेश्वरांची. अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याकडं निघालेले सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी "हर्र बोला हर्र". लहानपणापासून मी या जयघोषात सगळ्यात पुढं. तेव्हा मनातला "ह" वगैरे काही आठवलं नाही. तासभर ओरडले. संध्याकाळी पाणी मागायला तोंड उघडलं तर हवा. एप्रिलमधलीच, ओळखीची.

मंगळवारी क्लासला गेले ते वहीत लिहून: आवाज बसला, गड्डा. बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वाचलं, हसल्या, आणि वहीतच खाली लिहिलं: बसून ऐक. तीन आठवडे मी फक्त ऐकलं. पोरांचं गाणं, पेटी, खालचे माग. त्या तीन आठवड्यांत तीनताल माझ्यात उतरला. सोळा मात्रा, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे बिनटाळीची जागा, हातानं टाळ्या देत. गाताना मी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नेहमी चुकवायचे, कारण सम येतेय म्हटलं की घाबरून आधीच पोचायचे. नुसतं ऐकताना घाई करायला काही नव्हतं. फेब्रुवारीत पहिल्यांदा बंदिशीच्या मुखड्यावरून समेवर बरोबर उतरले तेव्हा तबल्यावरच्या पोरानं मान डोलावली. त्या मान डोलावण्यावर मी घरापर्यंत चालत आले, रिक्षा केली नाही.

बाईंनी एप्रिल-मेच्या सत्राला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेचा फॉर्म भरायला लावला. केंद्रावर बाहेर बाकावर बसले होते, शेजारची आई विचारते, "तुमची मुलगी की मुलगा?" म्हटलं, मीच. तिनं जरा सरकून जागा दिली, मोठ्या माणसाला देतात तशी. आत 43 अंशांत पंखा खडखडत होता आणि परीक्षकांनी तो बंद करायला सांगितला. मला ऐकू येत नाही म्हणाले. जुनी मी असते तर म्हणाले असते, राहू द्या, माझं ऐकू येईल. घामाच्या धारांत भूप गायले. वरचा सा पहिल्यांदा निसटला. परत घेतला. परत घेता येतो हे तोवर मला माहीत झालं होतं. पास झाले, मार्क विचारू नका.

कारखान्यात आता गळ्यात शिट्टी आहे. एक हाक मारायची ती शिट्टीनं, बाकी मी चालत जाते. दिवसाला मोबाइल सात-आठ हजार पावलं दाखवतो. हमाल म्हणतात, मॅडमचं काहीतरी बिनसलंय, ओरडेनात.

वडिलांचं राहिलं. त्यांचे कान मागांनी खाल्ले. मशीनच्या आवाजानं आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं जातं, खालचं बरेच दिवस टिकतं. त्यांना चिमण्या ऐकू येत नाहीत, कुकरची शिट्टी येत नाही, "स" आणि "श" गळतात, पण ट्रक गल्लीत वळला की आमच्या आधी त्यांना कळतं. परीक्षेनंतरच्या रविवारी माहेरी गेले तर म्हणाले, "वर्षभर काय शिकलीस? म्हण की."

मी तानपुऱ्याचा डबा लावला, भूपाचे आलाप सुरू केले. कानामागं तळहात धरून ते म्हणाले, "मोठ्यानं."

एवढी वर्षं याच एका शब्दावर माझा आवाज घडला होता. मी खुर्ची ओढली, त्यांच्या खुर्चीला गुडघे टेकतील इतकी जवळ, आणि त्याच आवाजात पुन्हा खालच्या धैवतावरून सा वर आले. मंद्रात राहिले, मग मध्य सप्तकात, मग वरचा सा, बारीक. ते डोळे मिटून होते. झोपले की काय म्हणून मी थांबले.

"खालचं आलं ऐकू," ते म्हणाले. "शेवटी वर गेलीस तेव्हा नुसतं तोंड हललं. काय म्हणालीस तिथं?"

"सा."

"तो तर आधीच म्हणाली होतीस की."